तीन नंबरचा बावटा

घरात मूड एकाला असतो आणि तो सांभाळायचं काम बाकीच्यांना. ही वाटणी केव्हा झाली, कोणी केली, याचा कागद कुठल्याच घरात सापडायचा नाही. पण कोणाच्याही ओटीवर पाच मिनिटं टेकलं की मूडचा धनी कोण ते कळतं. सगळे ज्याच्या तोंडाकडे बघून बोलतात, तो. रत्नागिरीत, झाडगावात आमच्या गडग्यापलीकडच्या घरात हा मान तात्यांचा.

रत्नागिरीचा म्हातारा म्हटल्यावर वाचकांना पु. लं.चा अंतू बर्वा आठवणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. तात्या त्या गोत्रातले नव्हेत. अंतू बर्वा बोलतो. तात्यांचं बिनसलं की ते बोलत नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. शिव्या देणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, शिव्यांतून निदान विषय समजतो. तात्या झोपाळ्यावर बसतात, समोरच्या पोफळीकडे बघतात आणि गप्प राहतात. विषय घरच्यांनी शोधून काढायचा. तो बरोबर सापडला तरी "मी काही म्हटलंय का?" एवढंच उत्तर मिळतं.

तात्यांची सगळी नोकरी बंदर खात्यात झाली. कारकून म्हणून चिकटले आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडले. १९९६ साली खात्याचं मेरीटाईम बोर्ड झालं, तेव्हा "बोर्ड दुकानावर असतो" एवढं बोलून ते दोन दिवस खाली मान घालून जेवले होते. मुलं लहान असताना ते त्यांना संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर न्यायचे आणि वादळाच्या बावट्यांचे अर्थ पाठ करून घ्यायचे. पावसाळ्यात पेपरात "बंदरात तीन नंबरचा बावटा" अशी बातमी येते, ती वाचून लोकांना वाटतं की तिकडे कापडाचा झेंडा फडकत असेल. तसं नसतं. दिवसा शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ अजून लांब समुद्रात आहे. तीन-चार म्हणजे बंदरालाच त्रास होण्याची लक्षणं. पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका. आणि शेवटचा अकरा नंबर लागला, तर इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला.

मुलांनी हे सगळं पाठ केलं आणि बापालाच लावलं. त्याला आता चाळीसएक वर्षं झाली असतील. मुलांची लग्नं झाली, सून आली, नातवंडं आली, बावटे तसेच राहिले. त्या घरात "तात्यांचा मूड गेलाय" असं कोणी म्हणत नाही. सून शाळेतून येते, पर्स खुंटीला अडकवते आणि हळूच विचारते, "आई, कितीचा?" काकू पोळी लाटता लाटता सांगतात, "दोनचा. पण संध्याकाळपर्यंत तीन होईल, अजून पेपर आलेला नाही." अकरा म्हणजे अर्थातच अबोला.

तात्यांना हे ठाऊक आहे का, असा प्रश्न मला बरेच दिवस होता. एकदा पाहुण्यांसमोर धाकटा नातू "आज आठ! आज आठ!" असं ओरडत ओटीवर आला. सगळ्यांचे श्वास अडकले. तात्यांनी झोपाळा थांबवला आणि म्हणाले, "आठ नव्हे, सहा. आठ म्हणजे महाधोका. उगाच कशाला घाबरवतोस लोकांना?" म्हणजे ठाऊक होतं, आणि नोंद बरोबर व्हावी यापलीकडे त्यांची काही तक्रार नव्हती.

नंबर ओळखायचा झोपाळ्यावरून. मूड बरा असला की झोका लांब जातो, कडी सावकाश कुरकुरते. बिनसलं की तात्या पायाच्या अंगठ्याने जमीन रेटत छोटे छोटे झोके घेतात आणि कडी नुसती किटकिटत राहते. मला गडग्याच्या अलीकडून, आवाजावरून नंबर सांगता येतो. आमच्या घरी त्यावरूनच ठरतं की आज त्यांच्याकडे वाटीभर साखर मागायला जावं की दुकान गाठावं.

कारणं म्हणाल तर बारमाही आहेत. चष्म्याचं घर जागेवर नसणं, हे नित्याचं. आकाशवाणीच्या बातम्या लागलेल्या असताना मिक्सर फिरणं, हेही नित्याचं. पण खरा हंगाम थंडीत सुरू होतो. परसात हापूसची चार कलमं आहेत. थंडी पडली नाही तर मोहोर नाही म्हणून बिनसतं. मोहोर आला की तुडतुडे येतात. तुडतुड्यांवर फवारणी झाली की अवकाळी पाऊस येतो. पाऊस आला नाही तर माकडं येतात. सगळ्यातून आंबा वाचलाच, तर तो खायला देवगडकडचा जावई येतो. त्याने पहिल्याच वर्षी फोड तोंडात टाकून म्हटलं होतं, "छान आहे हं. आमच्याकडच्याची साल जरा पातळ असते, इतकंच." तो एस्टीत बसेपर्यंत दहा नंबर उतरला नव्हता. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात आनंद झाला, पण मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाचही जिल्ह्यांना मिळून आहे, हे तात्यांनी बातमीच्या खालच्या भागात वाचलं. "पालघर?" एवढा एकच शब्द त्यांनी उच्चारला. पुढे आठवडाभर काकूंना सगळा संवाद वाटी-भांड्यांच्या आवाजाने करावा लागला.

या स्वभावाचं तात्या एरवी समर्थन करत नाहीत, पण कोणी अगदीच विषय काढला तर टिळकांकडे बोट दाखवतात. टिळक १८५६ साली याच गावात जन्मले. "बाणेदारपणा इथल्या पाण्यात आहे. शेंगांची टरफलं उचलली नाहीत त्यांनी!" असं तात्या एकदा माझ्यासमोर म्हणाले. काकू आत लसूण सोलत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्यांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या म्हणून उचलली नाहीत. तुम्ही खाता आणि उचलत नाही." तेव्हाचा नंबर मी विचारला नाही. चहा अर्धा ठेवून घरी आलो.

असा माणूस घरात असला की घरातला प्रत्येक जण आपापली विद्या शिकतो. थोरला मुलगा बँकेत आहे. त्याची विद्या म्हणजे पळून जाणं. तीनच्या वर गेलं की त्याला बँकेत लवकर बोलावलेलं असतं, रविवारीसुद्धा. सुनेचं शस्त्र "हो बाबा". पाणी गरम का नाही, हो बाबा. वर्तमानपत्र कोणी चुरगाळलं, हो बाबा. तात्यांना भांडायला समोर काठच सापडत नाही. कामाला येणाऱ्या मावशी मात्र कसलाच नंबर मानत नाहीत. "पाय वर घ्या तात्यानू," म्हणून झोपाळ्याखालून फडकं मारून जातात. महाधोक्यातही तात्या त्यांच्यासाठी निमूट पाय वर घेतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

खरी उस्ताद काकू. त्यांची युक्ती मला कळायला फार वेळ लागला. त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुनं फडताळ आहे, त्याच्या बिजागरीचा स्क्रू दर थोड्या दिवसांनी निघतो. इतकं जुनं लाकूड, पाचर मारून झाली, मोठा स्क्रू लावून झाला, तरी निघतो. बिनसल्याच्या दुसऱ्या दिवशी काकू ओटीवर येऊन कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणतात, "फडताळाचं दार पुन्हा लोंबायला लागलं. सुताराला बोलवावं म्हणते." सुतार हा शब्द तात्यांना सहन होत नाही. ते उठतात, हत्यारांची पेटी काढतात, "कोणी लावला होता हा असा?" असं विचारतात (लावलेला त्यांनीच असतो) आणि अर्धा तास कण्हत, फुंकर मारत, मेणबत्तीचं मेण लावत स्क्रू बसवतात. उठताना कमरेवर हात ठेवून म्हणतात, "चहा टाक गो जरा." बावटा उतरला. एकदा काकूंच्या पदराच्या गाठीला मी छोटा पेचकस बांधलेला पाहिला, तेव्हा त्या स्क्रूचा उलगडा झाला. माझ्याकडे बघून त्या इतकंच म्हणाल्या, "कोणाला सांगू नका. मला त्या फडताळात काही ठेवायचंसुद्धा नसतं."

माणसाला शांत करण्यापेक्षा कामाला लावणं सोपं, हे त्यांनी कुठल्याही पुस्तकातून घेतलेलं नाही.

पाहुण्यांसमोर मूड जाणं हा वेगळा प्रांत. साताऱ्याकडचे एक सोयरे दर वेळी आले की तोच विनोद करतात, "काय तात्या, रत्नागिरीतच का अजून? सोडलं नाही वाटतं डॉक्टरांनी?" राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. येरवड्याच्या माणसाला लोक आधी तुरुंगावरून छेडतात आणि मग इस्पितळावरून. आमच्या वाट्याला एकच आल्यामुळे विनोदही एकच आहे. तात्यांना त्या इस्पितळाचं वाईट वाटत नाही. ते म्हणतात, तिथे माणसं बरी होऊन घरी जातात, ही थट्टेची गोष्ट आहे का? त्यांचा मुद्दा रास्त आहे. फक्त तो ते सोयऱ्यांना सांगत नाहीत. सोयरे गेल्यावर तीन दिवस पोफळीला सांगतात.

त्याच सोयऱ्यांना घेऊन आम्ही सगळे थिबा पॅलेस बघायला गेलो होतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, इंग्रजांनी राज्य घेऊन १८८६ साली त्याला इथे आणून ठेवला. हा राजवाडा १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ साली राजा इथेच गेला. राणी, चार मुली, मोजकं निवृत्तिवेतन आणि समोर खाडी. तीस वर्षं. तात्या वरच्या गच्चीत उभे राहून बराच वेळ भाट्याच्या बाजूला बघत होते. मग हळहळून म्हणाले, "काय वाटत असेल हो या माणसाला रोज सकाळी उठल्यावर? कोणाशी बोलावंसं वाटणार?" सोयरे गंभीर झाले. काकू म्हणाल्या, "त्याचं राज्य गेलं होतं. तुमचं काय गेलं? चष्म्याचं घर."

त्या राणीचं कसं चालत असेल, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणी विचारला नाही.

दोन वर्षांपूर्वी नात गोगटे-जोगळेकरला गेली आणि तिने मानसशास्त्र घेतलं. घरात मूडचा एवढा साठा असल्यावर दुसरं काय घेणार? पहिल्या सहामाहीतच तिने आजोबांना हातात घेतलं. सुरुवात साधी होती. आतल्या आत घुसमटायचं नाही, जे वाटतं ते "मला" पासून सुरू करून सांगायचं. तात्यांनी दुपारी जेवताना करून बघितलं. "मला असं वाटतं," ते म्हणाले, "की आमटीत मीठ नाही."

"आजोबा, हे वाटणं नव्हे. ही आमटी आहे."

मग तिने अल्बर्ट एलिस काढला. हा अमेरिकेतला मानसतज्ज्ञ. त्याने १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचाराची पद्धत मांडली, आणि आपल्याकडे ती कि. मो. फडके यांनी रुजवली. पद्धतीचं सार नातीने झोपाळ्यावर शेजारी बसून सांगितलं. घटना माणसाला त्रास देत नाही. ती अशीच घडायला हवी होती, हा आपला हट्ट त्रास देतो. म्हणून आधी घटना लिहायची, मग तेव्हा मनात आलेला विचार, मग झालेला परिणाम. तात्या हे सगळं ऐकताना पोफळीकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तीन रकाने." नात हो म्हणाली. तात्यांच्या तोंडावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कामाचं तेज आलं.

दुसऱ्या दिवशी लांब पुठ्ठ्याची वही आली. पट्टीने रकाने आखले गेले. अनुक्रमांक, दिनांक, घटना, विचार, परिणाम. आणि हेडक्लार्कचा हात, म्हणून शेवटी आपोआप सहावा रकाना पडला, शेरा. आता शेरा कोण मारणार? आपल्याच टिपणावर आपण शेरा मारायचा नसतो, हा तात्यांचा जन्माचा नियम. वही वरिष्ठांकडे जायला हवी. त्यांनी घरात नजर फिरवली आणि ती काकूंकडे पाठवली.

ही वही नात आम्हाला गडग्यावर बसून वाचून दाखवते, आजोबांच्या परवानगीने. पहिली नोंद अशी. घटना: पोहे सव्वानऊला. विचार: पोहे साडेआठला मिळावेत. परिणाम: मिळाले नाहीत. नातीने समजावलं की परिणाम म्हणजे तुम्हाला काय झालं ते लिहायचं. "मला काय होणार? उशीर पोह्यांना झाला," तात्या म्हणाले. समोर काकूंचा शेरा: "सिलिंडर संपला होता. लावायला हाक मारली, ओ दिली नाही."

दुसरी. घटना: चष्म्याचे घर जागेवर नाही. विचार: ते जागेवर असावे. परिणाम: शोध चालू. शेरा: "फ्रीजमध्ये सापडले. कोणी ठेवले ते विचारू नये."

अशा पंधरावीस नोंदी झाल्यावर एक वेगळीच आली. घटना: काही नाही. विचार: काही नाही. परिणाम: बिनसले. नात म्हणाली, असं होऊच शकत नाही, पुस्तकात तसं नाही. मग तिने शेरा वाचला. "रविवारी पुण्याचा फोन आला नाही. धाकट्याला मी विचारले, सोमवारी रात्री करतो म्हणाला आहे." त्याखाली तात्यांनी तांबड्या शाईने "पाहिले" लिहून तारखेसह आद्याक्षरं केली होती.

नातीचं मत आहे की आजोबा सुधारले. मला तसं वाटत नाही. तात्या होते तसेच आहेत. फक्त बिनसल्यावर पोफळीकडे बघण्याऐवजी आता वहीकडे बघतात, आणि वही बोलते, काकूंच्या अक्षरात. अकरा नंबर मात्र त्यानंतर फारसा लागला नाही, हे मान्य केलं पाहिजे. फडताळाचं दारही बरेच दिवस लोंबलं नाही.

मग ऑक्टोबरातला तो गुरुवार. उकाडा मरणाचा. चारच्या सुमाराला काकू इस्त्रीची साडी नेसून, हातात पर्स घेऊन ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "मी मांडवीला जाऊन येते."

"आत्ता? कशाला?"

"कशाला म्हणजे? बिनसलंय माझं." आणि चपला घालून बेड्याबाहेर पडल्या.

काकूंचं बिनसू शकतं, याची कुठे सोयच केलेली नव्हती. तात्या थोडा वेळ झोपाळ्यावर बसले. लांब नाही, आखूड नाही, झोका असा नव्हताच. मग उठून गडग्यापाशी आले.

"काय हो, ही मांडवीला गेली."

"हो का?"

"बिनसलंय म्हणाली."

"कशानं?"

"तेच तर!" तात्या कळवळून म्हणाले. "काही सांगितलं नाही. नुसती गेली. हे असं कसं चालेल घरात? माणसानं विषय तरी सांगावा की नाही? दुसऱ्यानं ओळखायचं तरी कसं?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

त्यांनी फोन लावला. तो आत फडताळात वाजला. फडताळ उघडताना बिजागरी बघितली, स्क्रू घट्ट होता. साडेपाचला सून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि सवयीने विचारलं, "कितीचा?" ओटीवरून तात्यांचा आवाज आला, "अकरा." तिला आधी कळेचना की कोणाबद्दल चाललंय. सातला मुलगा आला आणि परिस्थिती बघून बँकेत किल्ली विसरलोय म्हणाला. मधल्या वेळात तात्यांनी सुनेला "तू बस, मी बघतो" असं सांगून भात टाकला होता. त्याचा वास आमच्याकडेही आला.

काकू आठ वाजता परतल्या. चेहरा चांगला दिसत होता. कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

नोंद नातीने दुसऱ्या दिवशी वाचून दाखवली. घटना: सौ. मांडवीस गेली. विचाराच्या रकान्यात दोन ओळी लिहून त्या इतक्या गिचमिड खोडलेल्या की उजेडात धरूनही लागेनात. परिणाम: भात करपला. पातेले मी घासले.

शेरा: "भेळ चांगली होती. पातेले पुन्हा घासावे लागले. पुढच्या गुरुवारी परत जाणार."

खाली तांबड्या शाईत, तारखेसह: "पाहिले."